शेरूसाठी ससे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्यानं नाशिकमधल्या मखमलाबादच्या मळ्यात सशांचे पिंजरे मांडले. घरात खायला नाही, विकायला नाही, पोरीला खेळायलाही नाही. कुत्र्याला घालायला. शेरू हा त्याचा तीस किलोचा जर्मन शेफर्ड, कायम अंग खाजवणारा. पिशवीतलं खाद्य बदलून झालं, शाम्पू बदलून झाले. मग कुणीतरी सांगितलं, कच्चं मांस घाल, लांडगा काय बिस्किटं खातो का? भाच्याला ते पटलं. पण बाजारच्या कोंबडीवर त्याचा विश्वास नाही. "मामा, घरचं ते घरचं. काय खाल्लं, कुठली सुई टोचली, सगळं आपल्या डोळ्यांसमोर."

घरचं तूप, घरचे गहू, घरची कोंबडी या गोष्टींवर आपला जीव असतो आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. कुत्र्याच्या कच्च्या खाण्याच्या बाबतीत मात्र "घरचं" या शब्दातच एक गोम आहे. ती आम्हा दोघांना कळायला चार महिने आणि चार ससे लागले. त्या गोमेकडे जाण्याआधी थोडं मूळ समजून घेऊ.

कच्चा आहार म्हणजे काय

कुत्र्याला कच्चं मांस, कच्ची हाडं आणि कलेजी-गुर्दे यांवर वाढवायची टूम ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी 1990 च्या दशकात लोकप्रिय केली. त्यातूनच पुढे एक ठोकताळा रूढ झाला: 80 भाग मांस, 10 भाग खाता येईल असं हाड, 10 भाग आतले अवयव, आणि त्या दहातली निम्मी कलेजी. मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के एवढं खाणं. ऐकायला सोपं, लक्षात ठेवायलाही सोपं. म्हणूनच ते इतकं पसरलं.

हाड यात चवीसाठी नसतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त लागतं. नुसत्या बोट्यांवर ठेवलेल्या पिल्लाचं शरीर ही तूट भरून काढायला स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. पाय वाकतात, साधी उडी मारली तरी हाड मोडतं. उलट माना, पाय आणि सांगाडे यांवरच भागवलं तर हाड जास्त होतं, शी खडूसारखी पांढरी पडते आणि कुत्रं कुंथत बसतं. कलेजीचंही तसंच. तिच्यात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं, म्हणून ती थोडी हवीच आणि जास्त झाली तर घातकच.

ठोकताळा अगदी काटेकोर पाळला तरी आयोडीन, जस्त, मँगनीज आणि ई जीवनसत्त्व यांत खड्डा राहतो. "अख्खा प्राणी घातला की सगळं आपोआप मिळतं" हा युक्तिवादही तपासलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी मांजरांना अख्खे दळलेले ससे कच्चे घालून पाहिले. मांजरं दिसायला चकाचक, केस तुकतुकीत. आणि त्यातलं एक मांजर टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडून हृदयविकारानं गेलं. कुत्रा मांजर नाही, त्याला टॉरिन शरीरात बनवता येतं. तरी "अख्खा ससा म्हणजे पूर्ण आहार" हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता लांडग्याचं. कुत्रा लांडग्याच्या वंशातलाच, पण माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं बसून तो बदलला. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आपल्याकडच्या धनगराच्या कुत्र्याला हे सांगायची गरज नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर मेंढरं राखत आला आहे.

आणि शेरूची खाज? तिच्यावर सशाचा उपयोग होऊही शकतो, पण कारण वेगळं आहे. कुत्र्याला खाण्याची ॲलर्जी असलीच तर ती बहुतेकदा रोजच्या ओळखीच्या प्रथिनाची असते: कोंबडी, गोवंशाचं मांस, दूध. ससा त्यानं आधी खाल्लेला नसतो, म्हणून पशुवैद्यही ॲलर्जी शोधताना आठेक आठवडे फक्त सशासारखं नवं प्रथिन देऊन पाहतात. तिथं फरक ससा पाडतो, कच्चेपणा नाही. शिजवलेल्या सशानंही तेवढीच खाज थांबते. त्यातही आधी पिसवा पाहायच्या असतात, कारण खाजेचं ते फार मोठं कारण आहे. भाच्यानं त्या पाहिल्या नव्हत्या.

एका कुत्र्याला किती ससे

कागद-पेन घ्या. तीस किलोच्या कुत्र्याला अडीच टक्क्यांनी रोज 750 ग्रॅम लागतात. वर्षाचे झाले साधारण 274 किलो.

न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचा ससा नीट खायला मिळालं तर बारा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचा होतो. कातडं, आतडी वगैरे वजा करून कुत्र्याच्या ताटात पडतं सव्वा ते 1.3 किलो. म्हणजे वर्षाला सुमारे 210 ससे, आठवड्याला चार. सशिणीचा गर्भकाळ 31 दिवसांचा, वेताला सहा ते आठ पिल्लं. कागदावर ती वर्षात कितीही वेळा विऊ शकते, पण आपल्या उन्हाळ्यात नर थंड पडतात, पिल्लं दगावतात. जगून मोठी होणारी तीस पिल्लं एका मादीमागे धरली तरी सात माद्या आणि दोन नर हवेत. पिंजऱ्यात कुठल्याही दिवशी वाढती पन्नासेक पिल्लं असणारच.

हे सगळे खाणार काय? एक ससा बारा आठवड्यांचा होईपर्यंत सात-साडेसात किलो कोरडं खाद्य खातो. त्यात मोठ्या नऊ जणांचा वर्षभराचा रतीब मिळवा. गोळाबेरीज दोन टनांच्या आसपास जाते. लसूणघास कापून घालू म्हणाल तर ओल्या चाऱ्यात पाचातले जवळपास चार हिस्से पाणीच असतं, म्हणजे वजन चार-पाचपट धरा. दोन टन घालायचे आणि पावणेतीनशे किलो काढायचे. शिवाय सशाच्या मांसात चरबी फार कमी, त्यामुळे राबणाऱ्या कुत्र्याला तेवढ्याच वजनातून ताकद कमी मिळते आणि ताट आणखी वाढवावं लागतं.

भाच्यानं सहा ससे आणले होते. ते, हिशेब केला तर, शेरूचं दीड आठवड्याचं जेवण.

कोंबडीचं गणित थोडं बरं बसतं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. आठवड्याला चार लागले तर एका वेळी खुराड्यात पंचवीसेक पक्षी पुरतात. गावरान कोंबडी चार-पाच महिने घेते आणि दीड किलोवर थांबते, त्यामुळे लहान-मोठी मिळून शंभर सांभाळावी लागतात. लाव्ह्याचं, म्हणजे पाळीव जपानी लाव्ह्याचं, अनेकांना आकर्षण वाटतं: अंडं सतरा-अठरा दिवसांत फुटतं, पाच आठवड्यांत पक्षी तयार, जागा चपलांच्या रॅकएवढी. पण पक्षी भरतो दोनशे ग्रॅम, ताटात पडतं दीडशेच. शेरूला दिवसाला पाच म्हणजे वर्षाला अठराशेवर लावे. रोज सकाळी पाच माना. कुणाला हे जमेल, मला जमणार नाही.

फ्लॅटमधला पाच किलोचा स्पिट्झ असेल तर हेच आकडे सहाव्या हिश्शावर येतात आणि एकदम शक्य वाटू लागतात. या सगळ्या खटाटोपाचा विचार लहान कुत्र्याच्या मालकानंच करावा, असं माझं मत होत चाललं आहे. गंमत अशी की तो विचार करतात नेमके मोठ्या कुत्र्यांचे मालक.

साबुदाणा

चौथा ससा कापला त्या दिवशी भाच्यानं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा हे काय?" सशाच्या कलेजीला आणि पोटातल्या पातळ पडद्याला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे लगडले होते, प्रत्येकात मध्ये एक पांढरा ठिपका. ससा दिसायला ठणठणीत होता. खात होता, उड्या मारत होता.

पंचवटीतल्या आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोटो दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न सशाबद्दल विचारलाच नाही. "कुत्रं कुठं बसतं?" म्हणाले. शेरू सकाळी मोकळा सुटतो आणि लसूणघासाच्या वाफ्यात जाऊन येतो. त्याच वाफ्यातला घास कापून सशांना.

ते दाणे म्हणजे कुत्र्याच्याच एका पट्टकृमीची पोरं होती. या जंताचं आयुष्य दोन घरांत वाटलेलं असतं. मोठा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी शीतून बाहेर पडतात. डोळ्यांना न दिसणारी ती अंडी गवतावर चिकटतात, सावलीत आणि ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात. ससा ते गवत खातो. अंड्यातून निघालेली अळी आतडं भेदून कलेजीत शिरते, तिथून पोटात उतरते आणि पाण्याची पिशवी करून वाट पाहत बसते. कशाची? कुत्र्यानं तो ससा कच्चा खाण्याची. खाल्ला की दोनेक महिन्यांत कुत्र्याच्या आतड्यात नवा जंत अंडी टाकायला लागतो, आणि चक्र पुन्हा सुरू.

म्हणजे बघा, या जंताला जगायला तीनच गोष्टी लागतात: कुत्रा, त्याच्या शीजवळचं गवत, आणि ते गवत खाऊन कुत्र्याच्या पोटात कच्चा जाणारा ससा. भाच्यानं मोठ्या मायेनं नेमकी हीच व्यवस्था उभी केली होती. बाजारातून मांस आणलं तर त्यात हजार दोष असतील, पण ते जनावर आपल्या कुत्र्याच्या वाफ्यात चरलेलं नसतं. चक्र कुठंतरी तुटलेलं असतं. घरच्या घरी ते पूर्ण जुळतं. "घरचं ते घरचं" मधली गोम ती हीच.

सशाचा हा जंत माणसाला होत नाही. पण ससे सोडून शेळ्या-मेंढ्यांकडे वळलात तर गोष्ट गंभीर होते. शेळी-मेंढीच्या कलेजीत आणि फुफ्फुसात कधी लिंबाएवढ्या, कधी मोसंबीएवढ्या पाण्याच्या पिशव्या सापडतात. खाटीक त्या कापून बाजूला टाकतो आणि दारातलं कुत्रं त्या गट्ट करतं. त्या पिशवीत हजारो बारीक डोकी असतात. त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे जंत वाढतात, साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी टाकू लागतात, आणि ही अंडी माणसाच्या पोटात गेली की तशीच पिशवी माणसाच्या कलेजीत वाढते. डॉक्टर तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, सोनोग्राफीत दिसते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेनंच काढावी लागते. अंडी येतात कुठून? कुत्र्याच्या केसांवरून हाताला, हातावरून घासाला. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात ना, तिथून.

शेळीचं मुंडकंही कुत्र्याला टाकू नये. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागते, तो आजार असाच एका कुत्र्याच्या जंताची पिशवी मेंदूत वाढून होतो. मुंडकं खाऊन कुत्रा तो पुढच्या कळपाला देतो. आणि दारात गायी-म्हशी असतील तर कच्च्या मांसातून कुत्र्यात येणारा निओस्पोरा नावाचा एकपेशीय जीव लक्षात ठेवावा. कुत्र्याची शी गव्हाणीत गेली की गाभण गाय गाभडू शकते. दुधाचा धंदा करणाऱ्याच्या गोठ्यात कच्चं खाणारं कुत्रं मोकळं नसावं, हे मी आता ठामपणे सांगतो.

चक्र तोडता येतं. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे विस्तव. कलेजी आणि फुफ्फुस अर्धा तास उकळलं की या पिशव्यांचा निकाल लागतो. मांस कच्चंच द्यायचं असेल तर उणे 18 अंशांवर किमान दहा दिवस गोठवावं, पुड्या पातळ कराव्यात म्हणजे गाभ्यापर्यंत थंडी पोहोचते. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा तेवढा गार असतोच असं नाही. साधा थर्मामीटर आत ठेवून पाहा, आणि मळ्यात वीज किती तास जाते तेही मोजा. गोठवण्यानं जंत मरतात, साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जिवाणू मरत नाहीत. ते नुसते झोपतात.

तिसरा उपाय जंताची गोळी. त्यात एक बारकावा आहे. दुकानातून "जंताची गोळी द्या" म्हणून आणलेल्या प्रत्येक गोळीत पट्टकृमीवरचं औषध नसतं. पाकिटावर प्राझिक्वांटेल हे नाव वाचून घ्यायचं. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला ती तीन महिन्यांनी एकदा पुरत नाही. जंत अंडी टाकू लागण्याच्या आत, म्हणजे दर सहा आठवड्यांनी द्यावी लागते. मात्रा डॉक्टरांना विचारून, वजनावर. चौथा उपाय सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा: कुत्र्याची शी रोज उचलायची, पुरायची, आणि सशाचा चारा कुत्रा जातो तिथून कधीही आणायचा नाही.

पिसं बरी की केस?

पक्ष्यांमध्ये हे पिशव्यांचं चक्र चालत नाही, त्यामुळे जंतांच्या दृष्टीनं कोंबडी सशापेक्षा सरळ. तिची दुखणी वेगळी. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सर्रास असतात. कुत्र्याला बहुधा काही होत नाही, पण ते शीतून आणि जिभेवरून बाहेर पडत राहतात. घरात रांगणारं मूल, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेले आजोबा असतील तर कच्च्या खाण्याचा विषय तिथंच मिटवावा. अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनं 2012 साली कच्च्या प्राणिजन्य आहाराविरुद्ध भूमिका घेतली, त्यात माणसांना होणारी लागण हा मोठा मुद्दा होता.

दुसरं दुखणं बर्ड फ्लू. देशातला पहिला उद्रेक आपल्याच नाशिक विभागात झाला होता, नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. त्या वेळी लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या आणि पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले. पण तेव्हा कुत्र्या-मांजरांचा विचार फारसा कुणाच्या मनात नव्हता. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, निघाला. संशय खाण्यातल्या मांसाकडे वळला. मांजरवर्गाला हा विषाणू फार जड जातो. कुत्र्याला तुलनेनं कमी, पण 2023 साली कॅनडात मेलेला रानटी हंस (गूज) चावलेला एक कुत्रा यानंच गेला. परिसरात कोंबड्या अचानक मरू लागल्या तर मेलेली कोंबडी "वाया कशाला घालवायची" म्हणून कुत्र्याला टाकणं हा सगळ्यांत वाईट निर्णय. सरकारी दवाखान्यात कळवायचं आणि कुत्रं बांधून ठेवायचं.

ऊन, फवारणी आणि बिबट्या

सशाला निफाडची थंडी काही करत नाही. पारा पाच अंशांखाली गेला तरी तो मजेत असतो. त्याला मारतो आपला एप्रिल-मे. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकतो ती कानांतून आणि धापा टाकून. तिशीच्या वर पारा गेला की खाणं कमी, चाळिशीकडे गेला की दुपारी जाऊन पाहावं तर ससा पसरलेला. पत्र्याच्या शेडखाली तर नकोच. आंब्याखाली पिंजरा, वर ओलं गोणपाट, एवढं तरी हवं.

चाऱ्याबद्दल एक नाशिककर म्हणून सांगतो. द्राक्षबागेतलं तण कितीही हिरवंगार दिसलं तरी सशाला घालू नका. छाटणीपासून काढणीपर्यंत बागेवर किती फवारे बसतात ते बागायतदाराला विचारा. मोरचूद तर जमिनीतच साचलेला असतो. मार्केट यार्डातली कोबीची पानं, गाजराचा पाला यांनाही तोच प्रश्न. आणि कोंबडीखाद्य स्वस्त पडतं म्हणून सशापुढे ओतू नये. त्यात रक्ती हगवण थांबवायला घातलेली काही औषधं सशाला विषारी असतात, आणि गोणी फोडून कुत्र्यानं पोटभर खाल्ली तर त्याचे पाय लुळे पडू शकतात.

आणखी एक चूक हमखास होते. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा उरलेला असतो, सशाच्या कानात काहीतरी दिसतं, मारला फवारा. कुत्र्याला सुरक्षित असलेलं हे औषध सशाचा जीव घेतं.

(कांदा आणि द्राक्षं या आपल्या जिल्ह्याच्या दोन लक्ष्म्या कुत्र्याला विषारी आहेत हे इथं जाता जाता. कांद्यानं रक्तपेशी फुटतात, द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं बसतात. लासलगाव-पिंपळगावच्या वाटेवर कुत्रं पाळणाऱ्यानं हे सशाच्या आधी पाठ करावं.)

मळ्यात कोंबड्या, ससे आणि कुत्रं एकत्र ठेवलं की बिबट्याला ते आमंत्रणच. नाशिकमध्ये तो आता उसातला राहिलेला नाही, गंगापूर रोडच्या बंगल्यांच्या कॅमेऱ्यांतही दिसतो. पिंजऱ्याला कोंबडीची जाळी पुरत नाही. जाड वेल्डमेश, वरून छत, आणि रात्री शेरू घरात.

कायदा काय म्हणतो

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खाण्यासाठी जनावर मारण्याला सूट आहे, पण तिचे शब्द नीट वाचावेत: माणसाच्या अन्नासाठी, आणि विनाकारण यातना न देता. कुत्र्याच्या अन्नाचा त्यात उल्लेख नाही. याचा अर्थ न्यायालय काय लावेल ते मी सांगू शकत नाही, पण "मी तर नुसता ससा कापला" म्हणणाऱ्याला वाटतं तितकी ही सूट रुंद नाही. जिवंत ससा किंवा कोंबडी कुत्र्यापुढे सोडून मजा बघणं, त्याचे व्हिडिओ काढणं, हा तर सरळ गुन्हा आहे. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार महापालिका-नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव ही मळ्यांची गावं वाटली तरी महापालिकेच्याच हद्दीत आहेत. रानातला ससा, तित्तर, रानलावे वन्यजीव कायद्याखाली येतात. त्यांना हात लावायचा नाही, पाळायचंही नाही. गोवंशाचं मांस राज्यात चालत नाही, म्हणून आपल्याकडे कच्चं घालणारे लोक म्हशीच्या मांसावर आणि कोंबडीवर चालतात.

कायद्यापलीकडे हाताचा प्रश्न आहेच. ससा वेदनेशिवाय मारणं हे कसब आहे, व्हिडिओ पाहून येत नाही. भाच्यानं पहिल्या सशाला काय केलं ते त्यानं मला सांगितलं, मी इथं लिहिणार नाही.

मग काय करावं

माझं मत विचाराल तर लहान जनावरं पाळायचीच असतील तर कोंबड्या पाळा आणि त्यांची अंडी कुत्र्याला उकडून घाला. कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन बायोटिन अडवून धरतं, उकडल्यावर ती भानगड राहत नाही. टरफलं धुऊन, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी काढली की फुकटचं कॅल्शियम: अर्धा किलो बिनहाडाच्या मांसामागे चहाचा अर्धा चमचा. मांस शिजवूनच द्यायचं ठरलं तर हाडांचा प्रश्न या भुकटीनं सुटतो. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, त्याच्या काचेसारख्या चिपा होतात. कच्चं द्यायचंच असेल तर मानेचं, छातीचं मऊ हाड. म्हशीची नळी चघळायला देऊ नये, मागची मोठी दाढ उभी चिरते. गंगापूर धरणाची मासळी आणलीत तर तीही शिजवूनच, कार्प जातीच्या कच्च्या माशात बी-1 जीवनसत्त्व मोडणारं एक विकर असतं. पिल्लू वाढत्या वयातलं आणि मोठ्या जातीचं असेल तर यातला कुठलाही प्रयोग पशुवैद्याच्या कागदाशिवाय करू नका. वाढीच्या वयात कॅल्शियम कमी झालं काय आणि जास्त झालं काय, सांधे कायमचे बिघडतात.

भाच्याकडे आता बारा कोंबड्या आहेत. शेरूला म्हशीचं मांस आणि कलेजी कुकरमधून मिळते, वर अंडं, भात, लाल भोपळा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली खनिजांची भुकटी. खाज पिसवांची निघाली. सहापैकी दोन ससे उरले होते, दोन्ही माद्या. त्यांची नावं त्याच्या पोरीनं आधीच ठेवून टाकली होती, त्यामुळे त्या विषयावर चर्चा झाली नाही. त्यांचा लसूणघास आता बांधापलीकडच्या, शेरूला जाता येत नाही अशा वाफ्यातून येतो, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर सहा आठवड्यांनी एका तारखेभोवती गोल असतो. कच्चं बंद झालं तरी डॉक्टरांनी अजून दोन गोल करायला सांगितले आहेत.